डॉर्सेटच्या किनाऱ्यावरची नावं कशी वाचायची?

तुमचा प्रश्न वाचला. जूनमध्ये चार दिवस दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या किनाऱ्यानं चालायचा बेत आहे, बोर्नमथला शिकणारी मुलगी सोबत असेल, नकाशा विकत घेऊन झालाय. त्यावरचं ‘स्क्रॅची बॉटम’ वाचून दोघं पोट धरून हसलात, मग ‘डर्डल’, ‘चेसिल’, ‘टाउट’ पाहून चक्रावलात. आता विचारताय, नावाच्या शेपटीवरून जागा ओळखता येईल अशी एखादी यादी आहे का? अमुक शेवट असला की कडा, तमुक असला की खाडी?

यादी देता येते आणि पुढे थोडीफार देतोही. पण तुमची खरी अडचण शब्दार्थाची नाही, तर नावावर किती विसंबायचं ही आहे. त्याचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं.

मी भूतांत्रिक अभियंता आहे. दरडी, घसरती जमीन, ढासळणारे कडे हेच गेली अठरा वर्षं दक्षिण इंग्लंडमधलं माझं काम. कुठल्याही नव्या कामाचे पहिले दोन दिवस टेबलावर जुने नकाशे पसरून बसण्यात जातात, कारण जमिनीनं पूर्वी काय केलं ते कधीकधी नावात शिल्लक असतं. नावाकडे मी साक्षीदार म्हणून बघतो. त्याचं ऐकून घेतो, पण उलटतपासणी केल्याशिवाय सोडत नाही.

आणि आपल्यासारख्यांची खरी पंचाईत म्हणजे आपल्याला इंग्रजी येतं. नावात ओळखीचा शब्द दिसला की आपण तिथेच थांबतो.

लल्वर्थ कोव्हच घ्या, तुम्ही तिथे जाणारच. त्यातलं ‘वर्थ’ बघून किंमत आठवते. इथे मात्र त्याचा अर्थ कुंपण घातलेली वस्ती, आणि लल् म्हणजे लुला नावाचा कुणी माणूस. लुलाची वाडी म्हणा हवं तर. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे नॉर्मन राजानं करवलेल्या जमीनमोजणीत, हे गाव आहे. पण ज्या गोल, वाटीसारख्या खाडीचे फोटो बघून तुम्ही तिकीट काढलंत तिच्याबद्दल हे नाव अवाक्षर काढत नाही. ती गोष्ट खडकाला विचारावी लागते.

त्या भागात खडकांचे थर किनाऱ्याला समांतर, कडेवर उभ्या ठेवलेल्या पुस्तकांसारखे आहेत. समुद्राच्या बाजूला पहिलं पुस्तक पोर्टलँड चुनखडीचं, टणक. त्यामागे परबेक चुनखडी. मग मऊ वाळू आणि चिकणमाती, आणि सर्वांत आत पांढऱ्या खडूची उंच भिंत. समुद्रानं पुढच्या टणक पट्ट्याला एका ठिकाणी खिंडार पाडलं, आत मऊ माती मिळाल्यावर दोन्ही बाजूंना पोखरत सुटला आणि खडूपाशी येऊन मंदावला. म्हणून तोंड अरुंद आणि पोट मोठं. हे सगळं लहानपणी कसं दिसत असेल ते बघायचं असेल तर पश्चिमेला पाच मिनिटांवर स्टेअर होल आहे. तिथे समुद्र अजून भोकांतून आत शिरतोय, मागचे थर चादरीसारखे चुरगळलेले दिसतात. मला विचाराल तर कोव्हपेक्षा स्टेअर होलपाशी जास्त वेळ घालवा. गर्दी तुलनेनं कमी असते आणि शिकायला जास्त मिळतं.

तिथून अर्ध्या-पाऊण तासात निवांत चालत डर्डल डोअर. ‘डोअर’ कळतं, ‘डर्डल’ आजच्या इंग्रजीत सापडत नाही. जुन्या इंग्रजीत ‘थिरल’ म्हणजे भोक. नाकपुडीला ‘नॉस्ट्रिल’ म्हणतात त्यात हेच थिरल आहे, नाकाचं भोक. ‘थ्रिल’ही त्याच घरातलं, मूळ अर्थ आरपार घुसणं. डॉर्सेटच्या जुन्या बोलीत ‘र’च्या शेजारचा ‘थ’ जाऊन ‘ड’ यायचा. ‘थ्री’ला ‘ड्री’, ‘थ्रू’ला ‘ड्रू’. एकोणिसाव्या शतकातले इथले कवी विल्यम बार्न्स यांनी ही बोली जशी कानावर पडली तशी कागदावर उतरवली, म्हणून ती आज आपल्याला तपासता येते. त्याच वाटेनं थिरलचं डर्डल झालं असं मानतात. समोर उभं राहून बघाल तर जवळजवळ उभे झालेले चुनखडीचे थर आणि त्यांना समुद्रानं पाडलेलं भोक. इथे साक्षीदार खरं बोलतोय.

आता खोटं न बोलता गोंधळात टाकणारा साक्षीदार. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ब्रिडपोर्टचं आहे.

ब्रिडपोर्ट ब्रिट नदीवर आहे. कुणीही म्हणेल, ब्रिट नदीवरचं बंदर म्हणून ब्रिडपोर्ट. पण गाव समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटर आत आहे आणि जुन्या इंग्रजीत ‘पोर्ट’चा अर्थ बाजारपेठेचं गाव असाही होता. शिवाय ‘ब्रिड’ ब्रिटवरून आलेलंच नाही. ते आलं ब्रेडी नावाच्या गावावरून, कारण हे ब्रेडीच्या ताब्यातलं पेठेचं गाव होतं. ब्रेडीला नाव मिळालं ब्राइड नदीवरून, जी वेगळीच नदी आहे आणि ब्रिटच्या पूर्वेला दीड-दोन किलोमीटरवर समुद्राला मिळते. मग ब्रिट? त्या नदीचं जुनं नाव वूथ. गाव मोठं झालं, लोक नदीचं नाव विसरले आणि गावावरून नदीला नवं नाव चिकटलं. म्हणजे एका नदीचं नाव गावावर गेलं, त्या गावाचं दुसऱ्या गावावर आणि तिथून दुसऱ्याच नदीवर. पोरानं बापाचं बारसं केल्यासारखं.

गंमत इथेच संपत नाही. ब्राइड समुद्राला मिळते तिथलं गाव बर्टन ब्रॅडस्टॉक. इंग्लंडमध्ये बर्टन नावाची गावं पुष्कळ आहेत आणि बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ तटबंदीजवळची वस्ती असा लागतो. इथे मात्र ‘ब्राइड-टन’, ब्राइडकाठची वस्ती, असं होतं आणि घासून घासून बर्टन झालं. ब्रॅडस्टॉक हे विल्टशरमधल्या ब्रॅडनस्टोकच्या मठाचं नाव, कारण जमीन त्या मठाकडे होती. शेपटी बघून अर्थ लावायला गेलात तर या गावात नसलेला किल्ला शोधत फिराल. म्हणूनच नुसती यादी द्यायला मी कचरतो.

आणि ब्रिडपोर्टचं बंदर? त्याला पूर्वी ब्रिडपोर्ट हार्बरच म्हणत. १८८४ मध्ये रेल्वे तिथवर आली आणि प्रवाशांना ओढण्यासाठी स्टेशनाला ‘वेस्ट बे’ असं गोड नाव दिलं गेलं. तेच टिकलं, रेल्वे गेली. साधं, पारदर्शक, अर्थ लगेच कळणारं नाव दिसलं की मला आधी संशय येतो तो अशा अनुभवांमुळे. बहुतेक वेळा ते नवं असतं.

आता थोडी यादी. हे शब्द या किनाऱ्यावर बऱ्यापैकी भरवशाचे आहेत.

‘बॉटम’ म्हणजे दरीचा तळ, खडूच्या टेकड्यांमधली कोरडी दरी. पाऊस खडूत मुरतो, म्हणून तळाशी ओढा नसतो, नुसतं गवत असतं. स्क्रॅची बॉटम डर्डल डोअरच्या जरा पश्चिमेला आहे. मुलीसोबत पाटीशेजारी फोटो काढायचा बेत असेल तर ती असेलच असं धरून चालू नका.

‘टाउट’ म्हणजे टेहळणीची जागा. वर्बॅरो टाउट, हाउन्स्टाउट. चढ दमवतो, पण वर पोचलात की दोन्हीकडचा किनारा दिसतो, म्हणजे नाव अजून आपलं काम करतंय.

‘बिल’ म्हणजे चोच. पोर्टलँड बिल नकाशावर बघा, चोचच आहे.

‘फ्लीट’ म्हणजे खाडी, पाण्याचा आत शिरलेला फाटा. लंडनची फ्लीट स्ट्रीट ज्या नदीवरून आली तिचं नावही याच शब्दातलं. जहाजांच्या ताफ्याशी इथे संबंध जोडू नका.

‘माउथ’ म्हणजे नदीचं मुख. वेमथ, चारमथ. उच्चार मथ, लिहिताना माउथ.

‘स्वायर’ म्हणजे मान, दोन उंचवट्यांमधली खिंडीसारखी जागा. हा शब्द मी विसरणं शक्य नाही. इथल्या पहिल्याच वर्षी एका सहकाऱ्याला मी फोनवर सांगितलं, सकाळी नऊला स्वायर हेडवर भेटू. मी डर्डल डोअरच्या पश्चिमेच्या कड्यावर वाऱ्यात कुडकुडत उभा आणि तो किमरिजजवळच्या स्वायर हेडवर, साधारण १३ किलोमीटर दूर. परबेक या किनाऱ्याच्या पूर्वेकडच्या भागातला तो सर्वांत उंच माथा, २०८ मीटर. फोनला रेंज दोघांनाही नव्हती. नाव जेव्हा फक्त आकार सांगतं तेव्हा तो आकार दोन ठिकाणी असू शकतो, हे तेव्हा शिकलो. तेव्हापासून नावासोबत नकाशावरचा ग्रिड क्रमांक सांगितल्याशिवाय मी कुणालाही कुठेही बोलावत नाही. तुम्हीही मुलीशी चुकामूक होऊ नये म्हणून तेच करा.

चेसिल बीचबद्दल तुम्ही विचारलंत की चेसिल हा कुणी माणूस होता का. नाही. जुन्या इंग्रजीत ‘चेसिल’ म्हणजे गोटे. आणि ‘बीच’चाही जुना अर्थ पाण्यानं घासलेले गोटे असाच होता, वाळूची चौपाटी हा अर्थ नंतरचा. थोडक्यात गोटे गोटे. हसण्यापूर्वी आठवा, आपण ‘सह्याद्री पर्वत’ म्हणतो आणि अद्रि म्हणजे पर्वतच. जुना शब्द कळेनासा झाला की माणसं त्याला नव्या शब्दाचं शेपूट लावतात, सगळीकडेच.

हा गोट्यांचा बांध सुमारे २९ किलोमीटर लांब आहे, वेस्ट बेपासून पोर्टलँडपर्यंत. वेस्ट बेला गोटे वाटाण्याएवढे, पोर्टलँडच्या टोकाला बटाट्याएवढे, आणि मधे क्रमानं वाढत जातात. लाटांनी केलेली ही निवड इतकी पक्की आहे की रात्री अंधारात किनाऱ्याला लागणारे मच्छीमार आणि चोरटा माल आणणारे मूठभर गोटे उचलून आपण कुठे आहोत ते ओळखत, असं इथे सांगतात. बांधाच्या आत १३ किलोमीटरची खाडी, तीच फ्लीट. १८२४ च्या नोव्हेंबरात वादळात समुद्र हा बांध ओलांडून आला आणि फ्लीट गावातली घरं आणि चर्चचा मोठा भाग घेऊन गेला. चर्चचा उरलेला छोटा तुकडा अजून उभा आहे, जरूर बघा.

त्याच वर्षी, वादळाच्या महिनाभर आधी, लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन यांनी एका नव्या सिमेंटचं पेटंट घेतलं आणि घट्ट झाल्यावर ते पोर्टलँडच्या दगडासारखं दिसतं म्हणून नाव दिलं पोर्टलँड सिमेंट. आपल्याकडच्या सिमेंटच्या गोणीवर जे ‘पोर्टलँड’ असतं ते याच बेटाचं. तसं ते पुरतं बेटही नाही, चेसिलनं त्याला जमिनीशी बांधून ठेवलंय. तिथे गेलात तर एक पथ्य पाळा: सशाचं इंग्रजी नाव उच्चारू नका. खाणीत ससे बिळं करतात, दगड सैल होतात, माणसं मरतात, म्हणून खाणकामगारांनी तो शब्दच टाकला. त्याऐवजी ‘जमिनीखालचं मटण’ वगैरे म्हणतात. रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

नाव कुणी दिलं हेही बघावं लागतं. शेतकरी, खाणकामगार आणि खलाशी एकाच कड्याकडे तीन बाजूंनी बघतात. स्वानेजजवळची टिली व्हिम ही जुनी दगडखाण घ्या. ‘व्हिम’ म्हणजे लहर हे आपलं शाळेतलं इंग्रजी. खाणीच्या भाषेत व्हिम म्हणजे दगड खाली होडीत उतरवायची लाकडी यारी. डान्सिंग लेजही खाणीनंच घडवलं. दगड कापून नेल्यावर समुद्राच्या पातळीला सपाट चौथरा उरला. तो नाचघराच्या फरशीएवढा म्हणून हे नाव, असं काहीजण सांगतात. भरतीच्या लाटा त्यावर नाचतात म्हणून, असं दुसरे. दोन्ही गोष्टी ऐकून घ्यायच्या आणि पुढे चालायचं. स्टडलंडजवळच्या ओल्ड हॅरी या खडूच्या सुळक्यांचंही तसंच. कुणी म्हणतं हॅरी म्हणजे सैतान, कुणी म्हणतं पूल गावचा समुद्री लुटारू हॅरी पे. शेजारी ‘ओल्ड हॅरीची बायको’ होती, ती १८९६ मध्ये कोसळली. आता तिचं नुसतं खुंट उरलंय.

आणि काही साक्षीदार सरळ चुकीचं सांगतात. परबेकच्या दक्षिण टोकाला नकाशावर सेंट ऑल्बन्स हेड असंही दिसेल आणि सेंट ऑल्डहेल्म्स हेड असंही. ऑल्डहेल्म हे ७०५ मध्ये शेरबोर्नचे पहिले बिशप झाले, हा त्यांचा मुलूख. टोकावरच्या छोट्या नॉर्मन चॅपलला त्यांचंच नाव आहे. ऑल्बन हे लंडनच्या उत्तरेकडचे संत, त्यांचा इथे काही संबंध नाही. कमी ओळखीच्या नावाच्या जागी जास्त ओळखीचं नाव बसलं आणि नकाशांनी ते छापलं. छापलेलं बरोबर असतं असं मानणाऱ्यांनी ते एकदा समोर ठेवून बघावं.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला: धोक्याची जागा नावावरून कळेल का? क्वचित. रिंगस्टेडजवळ ‘बर्निंग क्लिफ’ आहे, तिथे १८२६ मध्ये तेलयुक्त शेल खडक आपोआप पेटला आणि काही वर्षं धुमसत राहिला. ते नाव म्हणजे घटनेची नोंद आहे. पण आज ढासळणाऱ्या बऱ्याच कड्यांची नावं अगदी निरागस आहेत. २०१२ च्या जुलैमध्ये, पावसाळी दिवसांनंतर, बर्टन ब्रॅडस्टॉकच्या किनाऱ्यावर कडा कोसळून एका तरुणीचा जीव गेला. ते नाव कुणाला सावध करणार होतं?

तुम्ही सह्याद्रीत फिरलेले आहात असं लिहिलंय, म्हणून मुद्दाम सांगतो. काळ्या कातळाला हात घालून चढायची सवय इथे घरी ठेवा. खडू हातात येतो. वेस्ट बेचा सोनेरी वालुकाश्म सुंदर दिसतो आणि उभ्या फळ्यांनी सुटतो. लाइम रीजिसकडच्या चिकणमातीत पाय रुततो. कड्याच्या पायथ्याशी बसून डबा खाऊ नका, वरून काठावर जाऊ नका, दोन दिवस पाऊस झाला असेल तर दोन्ही नियम दुप्पट कडक पाळा. उलट ‘गोल्डन कॅप’ हे नाव तुम्हाला आधी नवं, जाहिरातीचं वाटेल, पण १९१ मीटरचा हा दक्षिण किनाऱ्यावरचा समुद्राला भिडलेला सर्वांत उंच कडा संध्याकाळच्या उन्हात खरंच सोनेरी दिसतो, कारण वरचा थर पिवळसर वालुकाश्माचा आहे.

थोडक्यात माझी पद्धत सांगतो. नावाचं सर्वांत जुनं लिखित रूप शोधतो. इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीनं डॉर्सेटचे खंड काढलेत, त्यात ते मिळतं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे (इथली सरकारी नकाशा संस्था) नकाशे फुकट बघता येतात, ते आजच्या नकाशावर ठेवून बघतो. मग जागेवर जाऊन उभा राहतो. तिन्ही जुळलं तर मानतो. दोनच जुळले तर ‘असं म्हणतात’ असं लिहितो.

तुमच्या बेताबद्दल: लल्वर्थच्या पूर्वेला किमरिजकडे जायचं असेल तर ती वाट लष्कराच्या गोळीबाराच्या क्षेत्रातून जाते. बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवसांत उघडी असते, पण तारखा आधी तपासा, आणि लाल बावटा दिसला तर परत फिरा. त्या वाटेवर टाइनम लागेल. १९४३ च्या डिसेंबरात लष्करी सरावासाठी ते गाव रिकामं केलं, लोक परत कधीच आले नाहीत. शाळा आणि चर्च बघता येतात. पूर्वेच्या भागासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल १५ हा नकाशा घ्या, ब्रिडपोर्ट आणि लाइम रीजिससाठी ११६. तुम्ही कुठला घेतलाय ते कळवलंत तर चार दिवसांची वाट त्यावर आखून देतो. पहिल्या दिवशी डर्डल डोअर सकाळी आठच्या आत गाठा, जूनमध्ये दहानंतर गाड्या लावायला जागा मिळत नाही.